२८ मिमीचे सुमेरियन सैनिक: कोणता रंग कुठून घ्यायचा

सुमेरियन, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकमधल्या, सैन्याच्या २८ मिमीच्या छोट्या मूर्ती रंगवायला घेतल्या की बहुतेक जण ऊरच्या फलकाचे छायाचित्र समोर ठेवतात आणि त्यातले रंग जसेच्या तसे उचलतात. पांढरे कपडे, मध्येच लाल आणि कुठेतरी गडद निळा. पहिली चूक इथेच होते. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूली यांच्या उत्खननात १९२७-२८ च्या हंगामात ऊरच्या राजस्मशानात सापडलेला हा फलक सुमारे इ.स.पू. २६०० ते २५०० या काळातला आहे आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरची माणसे पांढरी आहेत, कारण ती शिंपल्यातून कापलेली आहेत. पार्श्वभूमी निळी आहे, कारण ती लाजवर्द या निळ्या दगडाची आहे. लाल दिसते ती चुनखडी. हे सगळे तुकडे डांबरात बसवलेले आहेत. म्हणजे समोर दिसतात ते जडावकामाच्या दगडांचे रंग, सैनिकांच्या कपड्यांचे नव्हेत.

तरीही हा फलक अमूल्य आहे. अंगरखा कसा पडतो, शिरस्त्राणाचा पट्टा कुठून जातो, रथाला किती जनावरे जुंपलेली आहेत, हे सगळे तिथून घ्यावे. रंग मात्र पदार्थावरून ठरवावा. हा कपडा लोकरीचा आहे का, ही ढाल कातड्याची आहे का, हे पाते तांब्याचे आहे का, असे प्रत्येक भागाला विचारत गेले की सुमेरियन सैन्याचे रंग आपोआप हाती येतात. शिवाय या पदार्थांपैकी बरेचसे मराठी घरांत आजही हाताशी आहेत. एक घासलेला तांब्या आणि एक जुनी घोंगडी टेबलावर ठेवलीत तर निम्मे काम झाले.

आधी काळ ठरवा

पुढचे सगळे इ.स.पू. २६०० ते २३५० या आरंभिक राजवंशकाळाच्या शेवटच्या टप्प्यासाठी आहे. ऊर, लगाश, उम्मा, किश या नगरराज्यांच्या लढायांचा हा काळ. या टप्प्याचा दुसरा मोठा आधार म्हणजे लगाशचा राजा एआन्नातुम याची गिधाडांची शिळा. ती सुमारे इ.स.पू. २४५० ची, तेल्लो म्हणजे प्राचीन गिरसू इथे तुकड्यांत सापडलेली, आता लूव्रमध्ये आहे. उम्मावरच्या विजयाची ही शिळा आहे आणि ढालींच्या भिंतीमागून भाले बाहेर काढलेली रांगबद्ध पायदळाची तुकडी तिच्यावर स्पष्ट दिसते.

अक्कडचा राजा सार्गोन सुमारे इ.स.पू. २३३४ मध्ये सत्तेवर आला. त्यानंतरच्या अक्कडी शिल्पांत दाढ्या, धनुष्ये आणि वेगळ्या धाटणीचे कपडे दिसू लागतात. ती माणसे या सैन्यात मिसळू नका. अ‍ॅसिरियन शिल्पांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहायला हवे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अ‍ॅसिरियन राजवाड्यातले कोरीव पाषाणपट आहेत आणि ते जरूर पाहावेत, पण ते या सैनिकांनंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी कोरले गेले. कुरळ्या लांब दाढ्या, टोकदार उंच शिरस्त्राणे, आऱ्यांची चाके यांतले काहीही ऊर किंवा लगाशच्या सैनिकाला चालणार नाही. बाजारात ‘मेसोपोटेमियन’ नावाने मिळणाऱ्या संचात हे तिन्ही काळ सर्रास एकत्र असतात. विकत घेण्यापूर्वी चाके आणि दाढ्या बघा. तेवढ्यावरून निवड होते.

साफसफाई आणि प्रायमर

पांढऱ्या धातूच्या मूर्तीवर साच्याची रेघ असते. ती बारीक कानशीने आणि नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. झुपकेदार घागऱ्यावरून रेघ जात असेल तर ती सपाट घासू नका, कारण झुपके नाहीसे होतात. धारदार पात्याच्या टोकाने प्रत्येक झुपक्याची फट पुन्हा कोरा. मग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन रात्रभर वाळू द्या. थ्री-डी प्रिंट केलेली रेझिनची मूर्ती असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि अतिनील प्रकाशात पूर्ण कडक करून घ्या. चिकट राहिलेल्या रेझिनवरून प्रायमर पापुद्र्यासारखा सुटतो.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, गडद तपकिरी किंवा काळा घ्या, पांढरा नको. या सैन्यात जवळजवळ सगळे रंग मातकट आहेत, आणि झुपक्यांच्या मधली जागा गडद राहणे हाच लोकरीचा निम्मा परिणाम असतो. पांढऱ्यावर काम केले तर त्या शेकडो फटी नंतर एकेक करून भराव्या लागतात.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर हा जुगार असतो. दमट हवेत फवारा मूर्तीवर बारीक रवा बसल्यासारखा होतो, आणि वॉर्निश असेल तर त्यावर दुधी धुके चढते. त्या महिन्यांत ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरा. पातळ दोन हात द्या आणि दोन्हींमध्ये किमान एक तास जाऊ द्या. सोलापूर-विदर्भाकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हातही तोच रवा दिसतो, कारण तिथे रंग जास्तच लवकर वाळतो. तिथे सकाळी लवकर फवारणी करा आणि डबा १५ ते २० सेंटिमीटरवर धरा.

पाच-पाच मूर्ती एका आइस्क्रीमच्या काडीवर पांढऱ्या गोंदाचा थेंब लावून चिकटवा. ढाली आणि भाले वेगळे रंगवा. ढाल आधी चिकटवली तर तिच्यामागच्या छातीपर्यंत ब्रश पोचत नाही.

कोणते रंग

व्हॅलेहो मॉडेल कलरच्या बाटल्या भारतात सहज मिळतात, म्हणून खाली तीच नावे आणि क्रमांकाचे शेवटचे तीन अंक दिले आहेत. काळा ९५०, चॉकलेट ब्राऊन ८७२, फ्लॅट अर्थ ९८३, बेज ब्राऊन ८७५, कॅव्हलरी ब्राऊन ९८२, खाकी ९८८, इराकी सँड ८१९, आयव्हरी ९१८, फ्लॅट फ्लेश ९५५, कॉपर ९९९, ब्राँझ ९९८. एवढ्या अकरा बाटल्यांत जवळजवळ सबंध सैन्य होते; लाल, निळा आणि रुपेरी अगदी थोडे लागतात. कॅमलचे ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिकही रथ, बेस आणि ढालींसाठी चांगले चालते. ते दाट असते, म्हणून पाणी थोडे जास्त घालून तीन पातळ हात द्यावेत. चेहऱ्यांसाठी मात्र बारीक दळलेले रंगच घ्या.

मूळ रंगासाठी दोन भाग रंग, एक भाग पाणी. उजळ थरासाठी समसमान. वॉशसाठी, म्हणजे फटींत उतरणाऱ्या अगदी पातळ थरासाठी, एक भाग रंग, तीन भाग पाणी आणि तीन भाग मॅट मीडियम. नुसत्या पाण्यात इतका पातळ केलेला रंग वाळताना कडेला जमतो आणि चहाच्या कपाच्या डागासारखे कडे उमटते. मीडियममुळे तो फटींत बसून राहतो.

अंग आणि चेहरा

त्वचा सर्वांत आधी रंगवा, कारण ती सर्वांत आत असते. गव्हाळ ते सावळा एवढाच पल्ला ठेवा. मूळ थर बेज ब्राऊन आणि फ्लॅट अर्थ समसमान, त्यावर चॉकलेट ब्राऊनचा वॉश, मग बेज ब्राऊनमध्ये एक तृतीयांश फ्लॅट फ्लेश घालून नाक, गालाची हाडे, खांदे, गुडघे आणि बोटांच्या पेरांवर उजाळा. फ्लॅट फ्लेश जास्त झाले की माणूस गुलाबी दिसू लागतो. तसे झाल्यास पातळ बेज ब्राऊनचा एक हात सगळ्यावरून फिरवा.

फलकावरचे सैनिक दाढी-मिशांशिवाय आहेत, तेव्हा गालांवर निळसर-करडी छाया नको. केस दिसत असतील तर काळेच. सुमेरियन लोक स्वतःला ‘काळ्या डोक्याचे’ म्हणवून घेत. डोळे निळे करण्याचा मोह होतो, कारण सीरियातल्या मारी इथल्या एबिह-इल या अधिकाऱ्याच्या मूर्तीसारख्या काही मूर्तींच्या बुबुळांत लाजवर्द बसवलेले आहे. तेही जडावकामच आहे. बुबुळ गडद तपकिरी ठेवा. या आकारात डोळ्याचे पांढरे शुद्ध पांढऱ्याने रंगवले तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. तिथे आयव्हरी वापरा.

लोकर: इथे वेळ द्या

या सैन्याची ओळख म्हणजे झुपक्या-झुपक्यांचा लोकरी घागरा, ज्याला ग्रीक नावाने कौनाकेस म्हणतात. ऊरच्या फलकावर साध्या सैनिकाच्या घागऱ्याला फक्त खालच्या काठाला झालर दिसते. पूर्ण झुपकेदार वस्त्र राजा आणि मानकऱ्यांना अधिक शोभते. पण मूर्तिकाराने सगळ्यांना पूर्ण झुपके कोरले असतील तर कोरल्याप्रमाणेच रंगवा, कापून काढू नका.

बहुतेक जण इथे ड्रायब्रश करतात, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरून घासतात, आणि त्यातूनच खडू फासल्यासारखा कोरडा पांढरेपणा येतो. ड्रायब्रश झुपक्याच्या आडव्या कडांवर बसतो, तर लोकर उभी पडते. म्हणून शून्य नंबरच्या टोकदार ब्रशने वरून खाली ओढत काम करा.

आधी सगळा घागरा फ्लॅट अर्थने भरा आणि त्यावर चॉकलेट ब्राऊन आणि काळा समसमान घेऊन केलेला वॉश द्या. तो पूर्ण वाळला, म्हणजे किमान अर्धा तास झाला, की सर्वांत खालच्या ओळीपासून सुरुवात करा. वरची ओळ खालच्या ओळीवर लोंबते, त्यामुळे खालची आधी केली तर तिच्या वरच्या टोकाकडची चूक पुढची ओळ झाकते. उलट क्रमाने केल्यास प्रत्येक चूक उघडी पडते. प्रत्येक झुपक्याला खाकी रंगाचे दोन-तीन फटकारे द्या आणि दोन झुपक्यांच्या मध्ये केसाएवढी गडद रेघ सोडा. मग खाकी आणि आयव्हरी समसमान घेऊन झुपक्याचा फक्त खालचा अर्धा भाग. शेवटी शुद्ध आयव्हरी फक्त टोकाला, आणि तीही उजेडाच्या बाजूच्या झुपक्यांनाच. शुद्ध पांढरा कुठेही नको. न रंगवलेली, न धुतलेली लोकर सायीसारखी पिवळट असते.

आता तुकडीचा विचार. सगळ्यांचे घागरे एकाच रंगाचे झाले की ते कारखान्यातून आलेल्या गणवेशासारखे दिसतात. मेंढ्या पांढऱ्या, करड्या, तपकिरी, काळ्या अशा सगळ्या असतात. चोवीस जणांच्या तुकडीत दहा-अकरा सायीच्या रंगाचे, सहा-सात करडे-तपकिरी, चार गडद तपकिरी आणि दोन-तीन काळे, असे वाटून घ्या आणि एकाच रंगाचे तिघे शेजारी येणार नाहीत हे पाहा. काळ्या लोकरीसाठी घोंगडी बघा. ती कधीच कोळशासारखी काळी नसते. उन्हाने तिच्या केसांची टोके तांबूस होतात. म्हणून काळ्यात एक तृतीयांश चॉकलेट ब्राऊन मिसळून मूळ थर द्या, आणि टोकांना फ्लॅट अर्थचा पुसटसा फटकारा.

रंगवलेले कापड पूर्ण वर्ज्य नाही. राजस्मशानातल्या सेविकांच्या अंगावर लाल कापडाच्या खुणा वूलींनी नोंदवल्या आहेत. पण तो राजदरबार होता. भालेकऱ्यांच्या रांगेत लाल येऊ देऊ नका. राजा, सारथी किंवा सेनापती यांच्या एखाद्या पट्ट्याला, झालरीला कॅव्हलरी ब्राऊनवर थोडा लाल चढवून द्या. एका बेसवर एकच लाल जागा असली तर नजर बरोबर नायकाकडे जाते.

अंगरखे आणि त्यावरची वर्तुळे

ऊरच्या फलकावर पायदळाने गळ्याशी बांधलेला लांब अंगरखा पांघरला आहे आणि त्यावर वर्तुळे आहेत. काही अभ्यासक त्यांना कातड्यावर किंवा जाड लोकरीवर टाचलेल्या धातूच्या चकत्या मानतात, तर काही ठिपकेदार जनावराचे कातडे. एका तुकडीत एकच वाचन पाळा. चकत्या मानल्या तर अंगरखा बुरणुसासारखा जाड, करडा-तपकिरी रंगवा, आणि चकत्या मूर्तीवर उठावात असतील तरच त्यांना तांब्याचा रंग द्या. सपाट पृष्ठभागावर धातूचे ठिपके काढले तर ते कपड्यावरच्या छापासारखे दिसतात. कातडे मानले तर मूळ थर इराकी सँड आणि बेज ब्राऊनचा, ठिपके चॉकलेट ब्राऊनचे, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी मूळ रंगाचा बारीक टिंब सोडलेला.

तांबे

धातूच्या बाबतीत दोन परस्परविरोधी चुका होतात आणि दोन्ही संग्रहालयांमुळे होतात. एक म्हणजे हिरवा गंज. ऊरच्या ७८९ क्रमांकाच्या कबरीच्या उतारावर सहा सैनिक तांब्याची शिरस्त्राणे घालून सापडले. ती शिरस्त्राणे आज हिरवी आणि चपटी आहेत, कारण ती साडेचार हजार वर्षे मातीच्या ओझ्याखाली होती. जिवंत सैनिकाच्या डोक्यावर ती हिरवी नव्हती. दुसरी चूक म्हणजे सोने. मेस्कालामदुगचे केसांच्या वेणीसारखे कोरलेले सोनेरी शिरस्त्राण प्रसिद्ध आहे, पण ते राजघराण्यातल्या माणसाच्या कबरीतले आहे. राजाच्या मूर्तीला ते द्या, भालेकऱ्याला नको. गिधाडांच्या शिळेवर एआन्नातुमनेही त्याच घडणीचे शिरस्त्राण घातले आहे.

खरा रंग तांब्याने आणि ताम्हणाने शिकवावा. चिंचेने घासलेला तांब्या गुलाबी-लालसर चमकतो. चार दिवसांत तो मंद होतो आणि महिन्याभरात उभट कडा सोडून बाकी सगळा तपकिरी पडतो. मोहिमेवरचे शिरस्त्राण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि शेजारच्या दोघांचे एकसारखे नसणार.

मूळ थर चॉकलेट ब्राऊनचा द्या. धातूचा रंग काळ्यावर थेट लावला तर थंड, राखाडी दिसतो, आणि तपकिरीवर ऊब येते. कॉपरची बाटली मिनिटभर हलवा, पातळ दोन हात लावा. वाळल्यावर चॉकलेट ब्राऊनचा वॉश. मग पुन्हा शुद्ध कॉपर फक्त डोक्याच्या घुमटाच्या वरच्या भागावर आणि कानपट्टीच्या कडेवर. चमकीचा शेवटचा ठिपका कॉपरमध्ये चौथा भाग रुपेरी घालून, उजेडाकडच्या एकाच जागी. चोवीसमधल्या सहा जणांची ही शेवटची पायरी गाळा आणि त्यांच्यावर तपकिरी वॉशचा आणखी एक हात द्या. हिरवा घालायचाच असेल तर हनुवटीच्या पट्ट्याची कडी किंवा खिळा, जिथे घाम मुरतो, तिथे सुईच्या टोकाएवढा.

शस्त्रांत तांबे आणि कासे दोन्ही होते. खोबणीच्या कुऱ्हाडीसाठी दोन भाग कॉपरमध्ये एक भाग ब्राँझ मिसळा. काशाच्या वाटीपेक्षा हा रंग थोडा लालसर हवा. पितळेचा पिवळा रंग मात्र टाळा, आणि लोखंडाचा करडा तर कुठल्याच पात्यावर नको.

धातूच्या रंगासाठी पाण्याची वाटी आणि ब्रश वेगळे ठेवा. त्यातले अभ्रकाचे बारीक कण त्याच पाण्यातून पुढच्या लोकरीवर चढतात, आणि मग घागऱ्यावर चमकी पडल्यासारखी दिसते. वरून कितीही रंग दिला तरी ती पुरती जात नाही.

मागच्या रांगांतल्या काहींना कातड्याचे शिरस्त्राण द्यायला हरकत नाही. कॅव्हलरी ब्राऊन आणि फ्लॅट अर्थ समसमान, त्यावर काळा वॉश आणि कडांना बेज ब्राऊनचे बारीक ओरखडे.

भाले आणि ढाली

संचातले ओतीव भाले वाकतात, आणि एकदा वाकले की रंग तडकतो. ०.८ ते १ मिमीची पितळी तार घ्या. अठ्ठावीस मिमीच्या मूर्तीला ५० मिमी लांबी नजरेला बरोबर बसते. तारेचे शेवटचे ५ मिमी मेणबत्तीच्या किंवा गॅसच्या ज्योतीत लालसर होईपर्यंत तापवा, थंड होऊ द्या, लोखंडी ठोकळ्यावर हातोडीने चपटे करा आणि कानशीने पानाच्या आकाराचे घासा. न तापवता ठोकले तर तार कडक होऊन चिरते. पोलादी तार चपटी होतच नाही. टोके किंचित बोथट ठेवा, कारण चोवीस भाल्यांची तुकडी उचलताना हात फाटतो. गुळगुळीत तारेवरून रंग सुटतो, म्हणून सगळा दांडा ४०० नंबरने घासूनच प्रायमर लावा. दांडा फ्लॅट अर्थ, त्यावर बेज ब्राऊनचे लांब फटकारे.

गिधाडांच्या शिळेवरच्या ढाली मोठ्या, आयताकृती आहेत, जवळजवळ मानेपासून घोट्यापर्यंत, आणि त्यांवर गोल चकत्या आहेत. भाले मागच्या माणसांनी दोन्ही हातांनी धरले आहेत. पुढच्या रांगेत ढालवाले आणि मागे भालेवाले अशी मांडणी करा. प्रत्येकाच्या हातात ढाल आणि भाला दोन्ही दिले तर तो ग्रीक हॉप्लाइट, म्हणजे ढाल-भालेवाला ग्रीक पायदळ सैनिक, होतो.

ढालीचा पृष्ठभाग कातडे समजून रंगवा. पण गाय-बैलाच्या कातड्यासारखे पांढरे-काळे धब्बे प्रत्येक ढालीवर नको, चारांतल्या एकीवर पुरे. बाकींवर बेज ब्राऊन ते चॉकलेट ब्राऊनच्या छटा द्या आणि खालचा पाचवा भाग इराकी सँडने धुळीचा करा. ढालीवर चिन्हे, सिंह, तारे काढू नका. शिळेवर फक्त चकत्या आहेत. मारी इथे सापडलेल्या कोरीव तुकड्यावर उंच, वरच्या टोकाला मागे वळलेली ढाल धरलेला माणूस आणि त्याच्या आडोशाचा धनुर्धारी दिसतो. तशी मूर्ती असेल तर ती ढाल बोरूच्या जुडग्यांची समजा. खाकी मूळ थर, उभ्या फटींत तपकिरी वॉश, आणि आडव्या बांधणीच्या दोऱ्या डांबराने काळपट.

रथ आणि कुंगा

ऊरच्या फलकाच्या सर्वांत खालच्या पट्टीत चार चाकांचे चार रथ आहेत, प्रत्येकाला चार जनावरे, आत सारथी आणि एक योद्धा. ही जनावरे चालीवरून दौडीत जाताना कोरली आहेत. घोडा समजून त्यांना तांबडा किंवा काळा रंग देणे ही या सैन्यातली सर्वांत ठळक चूक. ती कुंगा होती. सीरियातल्या उम्म एल-मर्रा इथे पुरलेल्या जनावरांच्या जनुकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून कुंगा म्हणजे पाळीव गाढवी आणि सीरियन रानगाढव यांचा संकर असल्याचे दिसले. हे रानगाढव विसाव्या शतकात नामशेष झाले. संकराला पुढे पिल्ले होत नसत, त्यामुळे प्रत्येक कुंगा नव्याने जन्माला घालावा लागे. इतके महाग जनावर मळकट, खंगलेले रंगवू नका. अंगावर तुळतुळीत तेज असू द्या.

दोन्ही पालक जनावरांवरून रंगाचा पल्ला ठरतो: वाळूसारखा पिवळट ते करडा. मूळ थर इराकी सँड आणि बेज ब्राऊन समसमान. पोट, मांड्यांचा आतला भाग आणि तोंडाचा पुढचा भाग खाकी व आयव्हरीने उजळ, आणि दोन रंगांची सीमा ओल्या ब्रशने विरघळवलेली. पाठीवरून शेपटीपर्यंत चॉकलेट ब्राऊनची एक बारीक रेघ. आयाळ आखूड, उभी आणि गडद. चारही जनावरांत थोडाच फरक ठेवा: एकात थोडा खाकी जास्त, दुसऱ्यात थोडा करडा.

शेपटी तपासा. अनेक संचांत घोड्याची भरघोस शेपटी कोरलेली असते. कानशीने ती बारीक करा आणि फक्त टोकाला एम-सीलचा लहान गोंडा ठेवा. लगाम तोंडातल्या लोखंडी कडीला नसतो, नाकातल्या वेसणीला असतो, आणि तो मधल्या दांड्यावरच्या कड्यातून मागे येतो. असे रुपेरी कडे, वर छोटे जनावर बसवलेले, राणी पुआबीच्या कबरीतून मिळाले आहे. ते राजाच्या रथालाच द्या, इतरांना तांब्याचे.

चाके भरीव, फळ्या जोडून केलेली. म्हणून लाकडाच्या रेघा सरळ, एकाच दिशेने ओढा. वर्तुळाकार रेघा काढल्या तर झाडाच्या बुंध्याची चकती वाटते. फळ्यांचे सांधे चॉकलेट ब्राऊनने ठळक करा. धावेची कड कातडी धावेसाठी गडद ठेवा आणि तिथेच सर्वांत जास्त चिखल द्या. चाके रथाला चिकटवण्याआधी रंगवा, नंतर आतली बाजू पोचत नाही.

मानकऱ्यांच्या गळ्यात मणी असतील तर अकीक आणि लाजवर्द. लाजवर्द बदख्शानहून येई. ऊरच्या कबरीत सिंधू संस्कृतीतून गेलेले अकीकाचे मणीही सापडले आहेत. लाल-नारिंगी एक ठिपका, निळा एक ठिपका, दोन्हींवर ग्लॉस वॉर्निश. या सैन्यात निळ्याला हक्काची जागा हीच.

पायाखालची माती

चांगल्या रंगवलेल्या सुमेरियन तुकड्या बेसवर फसतात. दक्षिण इराक हे दोन नद्यांच्या गाळाचे मैदान आहे. तिथे दगड जवळजवळ नाही; बांधकाम मातीच्या विटांचे, आणि दगड लागला तर बाहेरून आणलेला. त्यामुळे बेसवर एकही खडा, एकही कातळ नको. कोकणची तांबडी माती नको आणि देशावरची काळी मातीही नको. रंग फिकट, करडट-पिवळा.

एमडीएफच्या ६० बाय ४० मिमीच्या बेसवर सहा ते आठ मूर्ती बसतात. भिंतीची पुटी आणि फेविकॉल तीनास एक घेऊन १ ते २ मिमीचा थर द्या. ओला असताना पायाचे ठसे आणि चाकांचे खोल चर उमटवा. थर ३ मिमीच्या वर गेला तर वाळताना बेस केळ्यासारखा वाकतो. उपाय म्हणजे खालच्या बाजूलाही फेविकॉलचा एक हात. वाळल्यावर फ्लॅट अर्थ, त्यावर इराकी सँडचा भरपूर ड्रायब्रश, शेवटी आयव्हरी अगदी पुसट. ड्रायब्रश इथे शोभतो.

लगाश आणि उम्मा यांचा वाद गु-एदेन्ना नावाच्या सुपीक पट्ट्यावरून आणि त्याच्या कालव्यांवरून होता. म्हणून वाळवंट दाखवण्यापेक्षा कापलेले बार्लीचे शेत दाखवणे अधिक खरे. नारळाचा काथ्या ३ ते ४ मिमी कापून चिमट्याने ओळींत रोवा, फेविकॉलचा एकेक थेंब पुरेसा. दोन ओळींत ८ मिमी अंतर ठेवा. ओळी एका बेसवरून दुसऱ्यावर सरळ गेल्या की सगळे सैन्य एकाच शेतातून चालल्यासारखे दिसते. कालव्याची कड करायची तर काथ्या २५ ते ३० मिमी उभा, टोकाला फेविकॉलमध्ये बुडवून बारीक लाकडाचा भुसा लावा, बोरूचे तुरे तयार होतात. खोलगट जागी आयव्हरीचा पुसट वॉश द्या. सिंचनाच्या जमिनीवर मिठाची पांढरी खार चढते, तिचा तो आभास.

शेवटचा हात

ब्रशने लावायचे ग्लॉस वॉर्निश आधी, एक दिवसाने मॅट. नुसते मॅट हाताळण्याने लवकर उतरते. मॅट लावल्यावर तांबे मेलेले दिसेल, घाबरू नका. शिरस्त्राणांच्या घुमटावर, कुऱ्हाडीच्या धारेवर आणि भाल्याच्या पात्यावर कॉपरचा एक पातळ फटकारा पुन्हा द्या आणि त्यावर काहीही लावू नका. भाले आता हातांत बसवा: १ मिमीच्या हातड्रिलने मुठीत भोक, सुपर ग्लूचा एक थेंब, आणि दुसऱ्या रांगेचे सगळे भाले एकाच कोनात आहेत का ते बेसच्या समोरून, डोळा खाली आणून बघा.